एकोणिसाची सातवी ओळ

परंदवडी,
११ नोव्हेंबर १९३५

हौशीराम,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही आणि काम निघालं तेव्हा अक्काला मावसभाऊ आठवला, असं तू म्हणशील. म्हण. भाताची झोडणी चालू आहे, दुपारची जरा मोकळी झाले तेवढ्यात लिहिते.

आबा दसऱ्यापासून लेकीकडे, म्हणजे माझ्याकडे आहेत. डोळ्यांतला मोतीबिंदू पिकत आलाय. ताटातली भाकरी दिसते, कालवण कुठं आहे ते मला सांगावं लागतं. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस दिवसभर ओट्यावर बसून गुरांच्या घंटा ऐकतो. शिवरात्रीनंतर पुण्याचे डोळ्यांचे डॉक्टर तळेगावला येणार आहेत. आबांनी शस्त्रक्रियेला हो म्हटलंय, पण त्याआधी त्यांना एका आकड्याचा निकाल हवा आहे.

तो आकडा तुला आठवत असेल. शाळेत एकदा त्यांनी फळ्यावर लिहिला होता आणि तू विचारलं होतंस, एवढे आंबे कुणाचे, मास्तर? ५८८२३५३. अठ्ठावन्न लक्ष ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न. दहा कोटी एकाला सतराने भागताना तो आबांना सापडला. गंमत म्हणून त्यांनी तो मधे तोडला, ५८८ आणि २३५३. पहिल्याचा वर्ग ३४५७४४, दुसऱ्याचा ५५३६६०९. आता दोन्हींची बेरीज कर. मी काल चुलीपुढं राखेत केली. पुन्हा तोच आकडा येतो रे! मला माहीत होतं तरी राख सारून पुन्हा केली.

दोन वर्षांपूर्वी आबांनी हे पुण्याच्या एका मासिकाला कळवलं होतं. तिथल्या गणिताच्या संपादकांचं उत्तर आलं. हा आकडा जर मूळ संख्या असेल, म्हणजे एक आणि तो स्वतः यांखेरीज कशानंच त्याला पुरता भाग जात नसेल, तर दोन वर्गांची अशी जोडी जगात एकच, तीच तुमची. पण तो मोडत असेल तर दुसरी जोडीही असू शकेल, मग त्यात विशेष ते काय. हे पत्र आबांनी उशाखाली ठेवलंय. "एकच जोडी हाय का न्हाई, येवढं कळू दे. मंग डोळं आलं की पयल्यांदा त्योच आकडा माज्या हातानं लिवीन," असं म्हणतात.

त्यासाठी दोन हजार चारशे पंचवीसपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्यापुढं जायला नको, कारण एक भाजक त्याहून मोठा निघाला तर त्याचा जोडीदार लहान असणारच. आबांच्या जुन्या वहीत यादी आहे. मोजल्या, बरोबर तीनशे साठ भरल्या. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मी करते. वरच्या एकशे ब्याण्णव तुला. तू धरणावर नुसता बसून असतोस हे मला ठाऊक आहे.

बाकी शून्य आली तर मात्र शाळेतली रीत. पाठीला पाठ. दुसऱ्यानं न बघता आपला आपण भागाकार करायचा, दोघांचं जमलं तरच खरं. लगेच कळव.

तुझी रतनअक्का


भुशी, लोणावळा,
१७ नोव्हेंबर १९३५

रतनअक्का,

आंबे कुणाचे हे मला अजून कळलेलं नाही, पण मोजायला तयार आहे. अर्ध्याहून जास्त माझ्या गळ्यात घातलेस तेही चालेल. मी नुसता बसून असतो असं मात्र कुणाला सांगू नकोस. सकाळी आणि संध्याकाळी धरणाच्या पट्टीवर पाणी किती आहे ते वाचतो आणि कागदावर लिहून स्टेशनात पाठवतो. आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांसाठी साठवलेलं ते पाणी विजेची इंजिनं आल्यापासून फारसं कुणी विचारत नाही. लिहू नका असंही कुणी सांगत नाही. तेव्हा मधले दहा तास आबांचे.

जुन्या कागदांच्या कोऱ्या पाठी भरपूर आहेत. काल एक हजार नऊपासून सुरुवात केली. भागाकार ५८२९, बाकी ८९२. एकाला पाऊण तास लागला. शालू म्हणाली, "मोडला काय नि न मोडला काय, आकड्याच्या पोटात का दुकतंय?" मी म्हटलं, आकड्याच्या नाही, आबांच्या दुखतंय. मग तिनं दिव्याची काच पुसून दिली.

आबांनी मला शाळेतून दोनदा काढलं आणि तीनदा परत घेतलं. तिसऱ्यांदा का घेतलं ते मी अजून विचारलेलं नाही. नाहीतर आज मी पट्टी वाचत नसतो, पट्टीखाली दगड फोडत असतो. तेव्हा त्यांना सांग, हौश्या बसलाय.

हौशीराम


परंदवडी,
२८ नोव्हेंबर १९३५

हौशीराम,

हे पत्र वाचून झाल्यावर शालूवहिनीला दाखवू नकोस आणि कुणाशी बोलू नकोस.

रोज एक-दोन संख्या घेत होते. सातानं बाकी एक, अकरानं चार, तेरानं नऊ, सतरानं तेरा. आबा ओट्यावरून ओरडून विचारायचे, किती उरले? मी सांगितलं की मान डोलवायचे. सोमवारी एकोणीस घेतले. भागाकार ३०९५९ पर्यंत आला, खाली एकशे त्रेचाळीस राहिले. एकोणीस साते त्रेचाळासे. बाकी शून्य.

मी पुन्हा केला. मग आबांनी शिकवल्याप्रमाणे उलटा गुणून पाहिला, ३०९५९७ ला एकोणिसाच्या पाढ्यानं, एका ओळीत. साते त्रेचाळासे, तीन मांडले, हातचे चौदा. नवे एकाहत्तरासे आणि चौदा, एकशे पंच्याऐंशी. असं करत गेले आणि शेवटी तोच आकडा पाटीवर आला. अठ्ठावन्न लक्ष आणि वरचं सगळं.

तीनशे साठांतल्या आठव्यालाच मोडला रे. एवढ्या वर्षांत आबांनी सतरापुढं का नाही पाहिलं कोण जाणे. बहुतेक पाहायचं धाडस झालं नसेल.

त्यांना सांगितलेलं नाही. भात भरायचं काम आहे असं म्हणून चार दिवस वही उघडली नाही. माझा भागाकार मी इथं लिहिलेला नाही. तू तुझा कर.

रतन


भुशी,
३ डिसेंबर १९३५

अक्का,

केला. तीनदा केला. तिसऱ्यांदा तर धरणाच्या भिंतीवर कोळशानं मोठे आकडे काढून केला, म्हणजे डोळ्यांची चूक व्हायला नको. शेवटी एकशे त्रेचाळीस, साते त्रेचाळासे, शून्य. पाठीला पाठ लावून आपली दोघांची उत्तरं सारखी आली. शाळेत अशी आली की मला केवढा आनंद व्हायचा.

माझं ऐकशील का? आबांना काही सांगू नकोस. एकोणिसानं बाकी चार उरले म्हण, सहा म्हण. त्यांना वही दिसत नाही. पुढचे भागाकार आपण चालू ठेवू, तोवर शिवरात्र येईल, डोळ्यांचं काम होऊन जाईल. मग बघू. हे बरोबर नाही हे मलाही कळतं. पण एकाहत्तर वर्षांच्या माणसाकडे दुसरं आहे काय?

हौशीराम


परंदवडी,
१५ डिसेंबर १९३५

हौशीराम,

तुझं पत्र यायच्या आधीच सगळं झालं होतं. माझी पेन्सिल थांबली हे आबांना ऐकू आलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी म्हणाले, "रतन, कितीनं ग्येला?" मला खोटं बोलता आलं नाही. एकोणिसानं, आबा.

त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि मनातल्या मनात भागायला लागले. ओठ हलत होते तेवढे मला दिसत होते. साते त्रेचाळासे म्हणाले आणि ओठ थांबले. मग शाळेत बोलायचे तशा स्वच्छ भाषेत म्हणाले, "बरोबर आहे. मोडतो." मी रडायला लागले तर मलाच म्हणाले, गप, चुलीवर दूध आहे.

त्या दिवसापासून आकड्याचं नाव नाही. वही मला कणगीमागं टाकायला लावली. उशाखालचं पत्र बंबात घातलं. परवा आमच्या ह्यांनी डॉक्टरांचा विषय काढला, तर म्हणाले, "आता बगायचं काय ऱ्हायलंय? भाकर दिसती, लय झालं." जेवतात, झोपतात, विचारलं तर बोलतात. मला त्यांची भीती वाटते.

तू आपले भागाकार थांबव. उगाच कागद नासू नकोस.

रतन


भुशी,
१९ जानेवारी १९३६

अक्का,

महिनाभर मी लिहिलं नाही आणि तूही नाही. आज लिहितोय ते बसून वाच.

पावसाळ्यात धरणाच्या पाठीचे काही दगड उचकटले होते. ते बदलायला नवे घडीव दगड आले आणि किती आले ते मला कागदावर चढवायचं होतं. वरच्या वाडीचा नवसू कामावर आहे. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. त्यानं दगड रांगेनं मांडले होते, सात रांगा, रांगेत एकोणीस. मी लांबूनच पाहिलं आणि लिहिलं, एकशे त्रेचाळीस.

नवसूनं विचारलं, किती लिवलं? मी सांगितलं. त्याला एकशे त्रेचाळीस कळत नाही, तो विसांनी मोजतो. म्हणून मी म्हटलं, सात विसा आणि वर तीन. तो हसायलाच लागला. म्हणाला, "दादा, रांगंत इसाला येक कमी हाय. समद्या रांगा पुऱ्या इसाच्या असत्या तर सात इसा झालं असतं. हितं तर परतेक रांग उनी हाय. मंग सात इसाच्या वर तीन कुटनं आलं?"

मी म्हटलं, अरे, एकोणीस साते त्रेचाळासे. तो म्हणाला, "त्ये मला ठावं न्हाई. तुमी मोजा."

मोजले, अक्का. एकशे तेहेतीस भरले. नवसूचा हिशेब आधीच झाला होता, सात विसांतून सात गेले. मी चार वेळा मोजले आणि मग त्या दगडांवरच बसलो. एकोणीस साते एकशे तेहेतीस! सक चौदा आणि शंभर, त्यात एकोणीस मिळव. पोरालाही येईल. पण पाढा कधी कुणी मिळवून पाहतो का? तो नुसता म्हणायचा असतो.

तू मला त्रेचाळासे शिकवलं नाहीस, मी तुला नाही. आपल्याला दोघांना ते कुणी शिकवलं हे मी लिहीत नाही. पाठीला पाठ लावून काय उपयोग, दोघांच्या पाट्यांवर अक्षर एकाचंच होतं.

आकडा एकोणिसानं मोडत नाही. शेवटी दहा उरतात. मला नाचावंसं वाटलं. पण आता आबांना हे कसं सांगायचं?

हौशीराम


परंदवडी,
२४ जानेवारी १९३६

हौशीराम,

पत्र वाचलं आणि आधी वाल घेऊन बसले. एकोणिसाच्या सात ढिगाऱ्या. तुझा नवसू खरा आहे.

मग ह्यांना विचारलं, एकोणीस साते किती? हे परंदवडीच्या शाळेत शिकलेले. बैलाला वैरण घालता घालता म्हणाले, तेहेतीसासे, का? पंधरा वर्षं संसार केला, पण ह्यांच्या तोंडून एकोणिसाचा पाढा मी कधी ऐकला नव्हता. माझ्या पाढ्यांचा मला इतका तोरा होता की ह्यांचा ऐकावा असं कधी वाटलंच नाही.

मला तुझा राग आला आहे. राग तुझा नाही हेही कळतं. आबा काय म्हणायचे ते तुला आठवतं ना? माझ्या शाळेतून पोरगं लंगडं बाहेर पडेल, आंधळं पडेल, पण चुकीचा पाढा घेऊन पडणार नाही. शाळा तपासायला डिप्टी यायचे, चाळीस पोरं एका सुरात म्हणायची, डिप्टी डोळे मिटून मान हलवायचे आणि शेरा चांगला लिहून जायचे. पस्तीस वर्षांत सातशे पोरं झाली असतील. सातशे जण त्रेचाळासे घेऊन फिरतायत. बाजारात सगळे नवसूसारखे विसांनी मोजतात म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसेल.

मी असा विचार केला की आपलीच चूक सांगावी. आबा, आम्ही घाईत भागलं, आकडा मोडत नाही. पण ते लगेच मनात करून पाहतील आणि त्यांच्या पाढ्यानं तो पुन्हा मोडेल. म्हणजे आकडा द्यायचा तर पाढा काढून घ्यावा लागतो. पाढा राहू द्यायचा तर ते असेच ओट्यावर बसणार आणि डोळेही जाणार. मला दोन्ही करवत नाही. तू पुरुष माणूस, तू सांग काय करायचं ते.

रतन


भुशी,
२९ जानेवारी १९३६

तीर्थरूप आबांना, हौशीरामचा पाया पडून नमस्कार.

रतनअक्का हे वाचून दाखवेल. एका भांडणाचा निवाडा तुमच्याकडून हवा आहे. इथं धरणावर दगडांच्या सात रांगा आहेत, रांगेत एकोणीस. माझ्या पाढ्यानं दगड जितके होतात तितके इथल्या नवसूला कबूल नाहीत. तो अंगठेबहाद्दर आहे, पण म्हणतो, रांगेत विसाला एक कमी, तर सात रांगांचे सात विसा होणंच शक्य नाही. मला त्याला उत्तर देता आलं नाही. तुम्ही म्हणत होता की उत्तर देता आलं नाही तर गप्प बसू नये, विचारावं. म्हणून विचारतो. कुणाचं खरं?

तुम्ही मला तीनदा शाळेत परत घेतलंत. चौथ्यांदाही घ्याल अशा भरवशावर हे लिहिलं आहे.

तुमचा
हौशीराम


परंदवडी,
९ फेब्रुवारी १९३६

हौशीराम,

तुझं पत्र मी दोन दिवस लुगड्याच्या ओच्यात ठेवून फिरले. तिसऱ्या दिवशी वाचून दाखवलं.

आबा म्हणाले, त्रेचाळासे, त्यात भांडण कसलं. मग विसाला एक कमी ही ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, वाल आण. मी सूप भरून आणलं. त्यांनी बोटांनी चाचपून सात ढिगाऱ्या केल्या आणि एकेक दाणा उचलून मोजला. एकशे तेहेतीस. म्हणाले, "कोंबडीनं धा खाल्लं का गं?" कोंबड्या तर परड्यात होत्या. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजताना दाणे खाली पडले ते मी गोळा करून दिले.

"हौश्यानं ह्ये मला कळावं म्हून लिवलंय व्हय?"

व्हय, आबा.

"म्हंजी तुमा दोगांना ठावं हाय."

व्हय.

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. ते भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, अकरा तेरे त्रेचाळासे. ती ओळ तिथली आहे, इथं कशी आली? लहानपणी एकाच पावसाळ्यात दोन्ही पाठ केल्या होत्या. मग रडले. मी त्यांना आईच्या वेळेलाही असं रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ बसून राहिले.

दुपारी एकदम म्हणाले, "मंग आकड्याचं?" आणि पुन्हा भागायला लागले. शेवटच्या पायरीला मोठ्यांदा बोलले, एकशे त्रेचाळिसातून एकशे तेहेतीस गेले, दहा उरतात. "मोडत न्हाई गं रतन. एकोणिसानं मोडत न्हाई." तोंडावर हसू आणि गालावर पाणी. मलाही आवरेना.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपायला लावली आणि आबांच्या जुन्या शाळेत गेलो. आता तिथं भिमाजी मास्तर आहे, आपल्याच वर्गातला. आबांनी पोरांना एकोणिसाचा पाढा म्हणायला लावला. सगळ्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं, साते त्रेचाळासे. आबा उभे राहिले. मी हात धरायला गेले तर झटकला. म्हणाले, "पोरांनो, ही ओळ चूक आहे. ती मी शिकवली. तुमच्या मास्तरलाही मीच शिकवली. आज सगळे मिळून दुरुस्त करू." चिंचोके वाटले आणि ढिगाऱ्या करायला लावल्या. भिमाजी कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता. पोरांना काय, चिंचोके मिळाले म्हणून खूश.

येताना गाडीत मला म्हणाले, "आकडा मी केला न्हाई, मला घावला. दुसऱ्या कुनालाबी घावला असता. त्रेचाळासे मातर माजं येकट्याचं."

मग म्हणाले, डॉक्टरला कळीव, येतो म्हणून. आणि तेवीस घे.

कणगीमागून वही काढली आहे. उंदरांनी एक कोपरा खाल्लाय, यादी शाबूत आहे. तेविसानं बाकी अकरा. तू एक हजार तेरापासून पुढं चालू कर. आता गुणून पाहायला पाढा वापरायचा नाही, बेरीज करायची, असा आबांचा हुकूम आहे.

रतन


भुशी,
२ मे १९३६

अक्का,

आबांच्या डोळ्यांवरची पट्टी सुटली हे वाचून शालूनं वाघजाईला नारळ फोडला. चष्मा कधी येणार ते कळव.

माझे झाले. एकशे ब्याण्णवांतले एकशे एक्याण्णव. कुठंही शून्य नाही. दोन हजार चारशे सतराला बाकी तीनच राहिल्यासारखं वाटलं, पण ती माझी वजाबाकीची चूक होती. तुझे मार्चातच संपले, म्हणजे एकच उरला, दोन हजार चारशे तेवीस. तो मी मुद्दाम केलेला नाही. तो आबांचा.

नवसूला सगळी हकीकत सांगितली. त्यानं विचारलं, तुमचा आकडा किती विसांचा आहे? दोन लक्ष चौऱ्याण्णव हजारांच्या वर विसा आहेत म्हटलं, तर म्हणाला, "येवडं दगूड कुटं ठिवायचं?"

हौशीराम


परंदवडी,
१४ मे १९३६

चिरंजीव हौशीराम यास,

चष्मा काल आला. हे कार्ड माझ्या हातचे आहे. ओळी वाकड्या गेल्या तर हसू नकोस, तुझ्या सरळ कधीच नव्हत्या.

५८८२३५३. दिसतो तसा लिहिला. फार सुंदर आहे.

तू ठेवलेला मी तोंडी केला. २४२५ चा वर्ग ५८८०६२५. त्यातून चार गेले की २४२३ आणि २४२७ यांचा गुणाकार होतो. तो आपल्या आकड्यातून वजा जाता १७३२ उरले. ते २४२३ पेक्षा कमी, म्हणजे भाग जात नाही. तीनशे साठ पुरे झाले. जोडी एकच आहे. मासिकाला रतनने कळवले, करणारांची नावे तीन घातली आहेत, रतन, हौशीराम आणि नवसू.

खाली पाढा लिहिला आहे. भिमाजी तो मोठ्या अक्षरात काढून भिंतीवर लावणार आहे. त्याआधी कुणीतरी तपासायला हवा. माझ्या एकट्याच्या सांगण्यावर लावू नये. तू तपासून परत पाठव.

एकोणीस एके एकोणीस
एकोणीस दुणे अडतीस
एकोणीस त्रिक सत्तावन्न
एकोणीस चोक शहात्तर
एकोणीस पाचे पंच्याण्णव
एकोणीस सक चवदोदरसे
एकोणीस साते तेहेतीसासे
एकोणीस आठे बावन्नासे
एकोणीस नवे एकाहत्तरासे
एकोणीस दाहे नव्वदासे

कोंडाजी मास्तर


भुशी,
१८ मे १९३६

आबा,

कार्ड मिळालं. मी आणि नवसू काल दुपारी धरणाच्या भिंतीवर पाठीला पाठ लावून बसलो. त्यानं खड्यांनी केला, मी बेरजेनं. मधे एकमेकांशी बोललो नाही. झाल्यावर मी त्याचे खडे मोजले आणि त्यानं माझ्या बोटावर विसा मोजून घेतले. जमलं.

दहाही ओळी बरोबर आहेत. तुम्ही आमच्या पाटीच्या कोपऱ्यात करत होता तशी खूण करून कार्ड परत पाठवत आहे. भिंतीवर लावा.

तुमचा विद्यार्थी
हौशीराम